माझंच गाणं वाजवलं आणि मलाच क्लेम आला

मी फोक-रॉक लिहिते, म्हणजे गिटारवर साध्या चाली आणि खाली ड्रम-बेसचा जोर. नवीन कुणी या लाइनमध्ये येत असेल तर हे वाचा, कारण मी फसले ते पैशात कमी आणि सहीत जास्त.

एका ओपन माइकनंतर एक जण भेटला, प्रोड्यूसर आहे म्हणाला, स्टुडिओ आहे, ओळखी आहेत. मी त्याला दादाच म्हणायला लागले (हीच पहिली चूक, दादा म्हटलं की कागद मागायला लाज वाटते). त्याने तीन गाणी रेकॉर्ड करून दिली आणि काम खरंच छान केलं, ते नाकारत नाही. मग 'कॉपीराइट रजिस्टर करतो तुझ्या नावावर' म्हणून फी घेतली. नंतर कळलं की बहुतेक देश ज्या बर्न करारात आहेत त्याप्रमाणे गाणं लिहून किंवा रेकॉर्ड करून ठेवलं की कॉपीराइट आपोआप तुमचा होतो, रजिस्ट्रेशनची अट नाही. काही देशांत कोर्टात जाताना रजिस्ट्रेशन कामाला येतं, पण त्याने तेही केलंच नव्हतं, मी पावती मागितली तर विषय बदलला.

मग प्रमोशन. स्पॉटिफायवर 2024 पासून मागच्या 12 महिन्यांत 1000 स्ट्रीम नसतील तर त्या ट्रॅकचे पैसेच मिळत नाहीत, हे खरं आहे आणि त्याने नेमकं हेच सांगून घाबरवलं, की प्लेलिस्टवाल्यांना पैसे दे, हजार पार करून देतो. पार झाले पण. एका रात्रीत, आणि ऐकणारे सगळे अशा शहरांतले की जिथे माझी भाषा कुणाला कळणार नाही. बॉट होते ते. असे खोटे स्ट्रीम पकडले की डिस्ट्रिब्युटरला (म्हणजे आपलं गाणं स्पॉटिफायसारख्या ॲपवर पोचवणारी कंपनी) दंड लागू शकतो आणि मग तो गाणं काढून टाकतो. माझं सगळ्यात चांगलं गाणं असंच गेलं.

पण हे सगळं परवडलं म्हणायचं. खरा घोळ स्प्लिट शीटचा.

मला वाटायचं गाणं म्हणजे एकच वस्तू. तसं नसतं, शब्द-चाल हा एक हक्क आणि रेकॉर्डिंग म्हणजे मास्टर हा दुसरा, आणि दोन्हींचे पैसे वेगळ्या वाटेने येतात. शब्द-चालीत कोणाचे किती टक्के ते स्प्लिट शीटवर लिहितात. त्याने पीडीएफ पाठवली, टक्क्यांचे रकाने कोरे, म्हणाला सही कर, बाकी मी भरतो, डिस्ट्रिब्युटरला आजच द्यायचंय. मी फोनवरच सही करून पाठवली. त्याने भरले 50-50, कंपोजर म्हणून स्वतःचं नाव! आधी हाच माणूस मला सांगायचा की तुझी चाल लोकगीतासारखी आहे, अशा पारंपरिक चालींना मालक नसतो, तू हक्काचं काय घेऊन बसलीस. अरे, जुन्या पारंपरिक चालीला मालक नसतो हे ठीक, पण त्या ढंगात मी नवीन बांधली तर ती माझी ना. आणि मालक नसतो तर तुझं नाव कसं आलं त्यावर? ड्रम-बेस बसवला म्हणून आपोआप कंपोजर होत नाही कुणी, आधी तसं ठरलं असेल तर गोष्ट वेगळी.

मोठे लोकही यात अडकलेत. अमेरिकन बँड क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हलचा गायक-गीतकार जॉन फॉगर्टी, त्याने 1960च्या दशकात तरुणपणी केलेल्या करारात आपल्याच गाण्यांचे हक्क गेले, त्यातला मोठा वाटा परत मिळायला 2023 उजाडलं. मला हे आधी माहीत असतं तरी मी सही केलीच असती बहुतेक, तेव्हा अंगात वारंच तेवढं होतं.

कळलं कसं, तर घरात नुसत्या गिटारवर गायलेला व्हिडिओ यूट्यूबवर टाकला आणि त्यावर कंटेंट आयडीचा (यूट्यूबची गाणी आपोआप ओळखणारी सिस्टिम) क्लेम आला, म्हणजे यातलं गाणं आमचं आहे असा त्याच्या बाजूने दावा. या व्हिडिओतलं रेकॉर्डिंग त्याचं नव्हतंच, म्हणजे क्लेम चालीवर होता. फोन केला तर 'अगं सिस्टिम आपोआप करते'. मग ब्लॉक.

एकच नशीब. सही केलेली ती फाइल अजून चॅटमध्ये आहे, रकाने कोरे, तारखेसकट. खाली त्याचा मेसेज, 'तुझी चाल भारी जमलीय'. आणि फोनमध्ये त्याला भेटण्याच्या चार महिने आधीचे व्हॉइस मेमो, तीच चाल गुणगुणलेली, मागे पंख्याचा आवाज. हे सगळं नीट लिहून यूट्यूबवर डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाकलाय. समोरच्याला उत्तर द्यायला 30 दिवस असतात, आज एकोणिसावा आहे.