कोल्ड फ्यूजनच्या ‘बॉयलर’मध्ये पैसे घालण्याआधी हे वाचा

बडोद्यात मकरपुरा जीआयडीसीतल्या (सरकारी औद्योगिक वसाहतीतल्या) एका शेडमध्ये ‘कोल्ड फ्यूजन बॉयलर’, म्हणजे नेहमीच्या तापमानालाच अणुगर्भ जुळवून (हेच फ्यूजन) त्या उष्णतेवर वाफ करणारं म्हणे यंत्र, दाखवून एका गृहस्थाने लोकांकडून पैसे गोळा केले. त्यात माझे साडेतीन लाख आहेत. शेडला आता कुलूप आहे, पण तोच गृहस्थ आणंद-नडियादकडे नव्या मंडळींना यंत्र दाखवत फिरतोय असं कानावर आलं, म्हणून हे लिहितोय. प्रकरण पोलिसांत असल्यामुळे नाव देत नाही. नाव तो उद्या बदलेलही. दाखवायची पद्धत मात्र तीच राहणार, म्हणून ती नीट सांगतो.

माणूस पंचेचाळिशीचा, मराठी स्वच्छ, गुजराती त्याहून सफाईदार. भेटला की आधी वाकून नमस्कार, मग ‘काका, तुमच्यासारख्या अनुभवी माणसांनीच शंका काढायच्या’. दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या ओट्यावर संध्याकाळी चार निवृत्त डोकी जमतातच. कुणी खताच्या कारखान्यात होतं, कुणी विद्यापीठात, कुणी शाळेत. अशा लोकांना वाद घालायला विषय मिळाला की जेवणाची शुद्ध राहत नाही. त्याने विषय दिला आणि वाद आम्हीच पेटता ठेवला.

त्याचं जवळपास प्रत्येक वाक्य खरं होतं. २३ मार्च १९८९ रोजी अमेरिकेत युटा विद्यापीठात मार्टिन फ्लाइशमन आणि स्टॅन्ली पॉन्स यांनी पत्रकार परिषद घेऊन सांगितलं, की जड पाण्यात (साध्या हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम हा जड हायड्रोजन असलेलं पाणी) पॅलेडियम धातूचा इलेक्ट्रोड ठेवून वीज सोडली तर घातलेल्या विजेपेक्षा जास्त उष्णता मिळते. खरं. फ्लाइशमन ब्रिटनच्या रॉयल सोसायटी या नामांकित विज्ञानसंस्थेचे फेलो होते, हेही खरं. आपल्या भाभा अणुसंशोधन केंद्रात पी. के. अय्यंगार यांच्या काळात असे प्रयोग झाले आणि ट्रिटियम (फ्यूजनची खूण मानला जाणारा किरणोत्सर्गी हायड्रोजन) सापडल्याचं सांगितलं गेलं, तेही खरं. गूगलने याच विषयावरच्या संशोधनाला पैसे दिले, खरं. २०२३ मध्ये अमेरिकी सरकारच्या एका संस्थेने आठ प्रकल्पांना मिळून एक कोटी डॉलर जाहीर केले, खरं. शिवाय डिसेंबर २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाच्या प्रयोगशाळेत लेझरने फ्यूजन करून घातलेल्यापेक्षा जास्त ऊर्जा मिळाल्याची बातमी सगळ्या पेपरांत होती. ते अतितप्त फ्यूजन, त्याचा ह्याच्याशी काही संबंध नाही, पण कात्रण फाइलमध्ये सगळ्यात वर लावलेलं.

त्याने गाळलेलं तेवढंच सांगतो. गूगलच्या पैशांवर झालेल्या कामाचा अहवाल २०१९ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत छापून आला, आणि त्यांना कोल्ड फ्यूजनचा पुरावा मिळाला नव्हता. अमेरिकी ऊर्जा खात्याने १९८९ मध्ये आणि पुन्हा २००४ मध्ये तपासणी करवली. दोन्ही वेळा पटण्यासारखं काही हाती लागलं नाही. २०२३ चे पैसे ‘हे खरं आहे का’ हे शोधण्यासाठी होते, बॉयलर विकण्यासाठी नव्हेत.

आमच्यातले शाळेतले सर पहिल्या दिवसापासून एकच मुद्दा धरून होते. ड्युटेरियमचे दोन अणुगर्भ जुळले की साधारण निम्म्या वेळा न्यूट्रॉन हा शरीराला घातक कण बाहेर पडतो. किलोवॅटभर उष्णता खरोखर त्यातून येत असेल तर यंत्राशेजारी उभा राहून चहा पिणारा माणूस जिवंत राहणार नाही. त्यावर गृहस्थाचं उत्तर ठरलेलं : ‘सर, हेच तर विज्ञानाला अजून कळलेलं नाही.’ झालं. मंडळी दोन तट करून बसली. तो निवांत ऐकत बसायचा, आणि त्याची बाजू घेऊन भांडणारा हळूहळू त्याचा एजंट व्हायचा. स्वतःच्या तोंडाने महिनाभर जे खरं ठरवलं, त्यात पैसे घातले नाहीत तर माणसाची लाज जाते. पैसे आमच्याकडून असे निघाले.

आता यंत्र. स्टीलचा गुडघ्याएवढा सिलिंडर, त्यावर ग्लासवूल, खालून पंपाने पाणी आत, वरून रबरी नळी बाहेर. नळीच्या तोंडाशी थर्मामीटर, आकडा शंभरच्या किंचित वर. नळीचं टोक थेट गटाराच्या जाळीत खोचलेलं, ‘वाफेने कुणी भाजू नये म्हणून’. वीज आत जाते ३०० वॉट, आणि बोर्डावर हिशोब : मिळकत आठपट. नंदेसरीच्या केमिकल कारखान्यांना वाफेसाठी गॅसचं बिल किती येतं, हे बडोद्यात कुणाला सांगावं लागत नाही. आठपट म्हटल्यावर डोळे लकाकणारच.

हा आठाचा आकडा कुठून आला ते बघा. २५ अंशाचं एक लिटर पाणी १०० अंशांपर्यंत तापवायला सुमारे ३१४ किलोज्यूल लागतात. त्याच पाण्याची पूर्ण वाफ करायची तर आणखी २२५७. बेरीज २५७१. भागा ३१४ ने, आठ येतात. म्हणजे नळीतून नुसतं उकळायला आलेलं पाणी बाहेर पडत असेल आणि हिशोबात ‘सगळ्याची वाफ झाली’ असं धरलं, तर साधा हीटरसुद्धा कागदावर आठपट देतो. तासाला साडेतीन लिटरच्या आत पाणी सोडलं की ३०० वॉटमध्ये ते शंभराला टेकतं, आणि पंपावर आकडा नेमका तेवढाच लावलेला होता. थर्मामीटर फक्त तापमान सांगतो. नळीत वाफ आहे की पाणी, हे त्याला कळत नाही. इटलीत २०११ मध्ये बोलोन्याला आंद्रेआ रोस्सी यांनी निकेल-हायड्रोजनचं असंच यंत्र दाखवलं, तेव्हाही वाफ कोरडी होती की ओली (पाणी मिसळलेली) यावरच वाद झाला होता. पुढे अमेरिकेत एका कंपनीशी त्यांची कोट्यवधी डॉलरची कोर्टकचेरी झाली आणि २०१७ मध्ये तडजोडीने मिटली.

तपासायला प्रयोगशाळा लागत नाही. नळीचं टोक गटारातून काढून थंड पाण्याच्या बादलीत सोडा. वीस लिटरची बादली ३०० वॉटवर तासाभरात दहा-बारा अंशांनी चढेल, अंघोळीलासुद्धा थंडच. आठपट खरं असेल तर तीच बादली तासाभरात उकळली पाहिजे. सरांनी हे सुचवलं तेव्हा गृहस्थ हसून म्हणाला, ‘सर, बॅक प्रेशरने कोअर खराब होतो.’ क्लॅम्प मीटर (वायरीतला करंट मोजायचा चिमटा) लावायलाही फक्त एका वायरवर परवानगी. अर्थिंगच्या वायरला हात लावायचा नाही, आणि चोरटा करंट आणायचा तर तीच वायर सोयीची.

शेडमध्ये यंत्र बघायला गेलो त्या दिवशी आमची ही सोबत होती. तिने विचारलं, ‘एवढी वीज वाचते तर ह्या शेडचं लाइटबिल किती येतं?’ उत्तर आलं नाही, चहा आला.

पैसे भरणाऱ्या प्रत्येकाला शंभर मिलीची सीलबंद बाटली भेट मिळाली : ‘डी-टू-ओ, जड पाणी’. छाणीकडे सरकारने जड पाण्याचा कारखाना उभारला होता हे इथे पोरासोरांना ठाऊक, त्यामुळे बाटली बघून लोक भारावले. असलं पाणी अणुऊर्जा खात्याच्या कारखान्यांत बनतं, ते भेट म्हणून कोण वाटणार? शेवटी मी घडियाळी पोळेतल्या ओळखीच्या सोनाराकडे गेलो. काट्यावर बाटली ठेवली, गळ्याशी खूण केली, आकडा लिहून घेतला. मग रिकामी करून, पुसून, त्याच खुणेपर्यंत बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर भरलं. जड पाणी साध्या पाण्यापेक्षा सुमारे अकरा टक्के जड असतं. शंभर मिलीमागे दहा-अकरा ग्रॅमचा फरक दिसायला हवा. सोनाराच्या काट्यावर पाव ग्रॅमसुद्धा दिसला नाही. त्याने बाटली परत देत विचारलं, ‘काका, ह्याचे किती दिलेत?’

‘पेटंट पेंडिंग’ (पेटंटचा अर्ज केला आहे) हा शिक्काही फाइलवर होता. तात्पुरता अर्ज एखादा माणूस १६०० रुपये फी भरून करू शकतो, त्याची कुणी आधी तपासणी करत नाही. शिवाय त्या वेळच्या कायद्यात अणुऊर्जेच्या शोधाला पेटंट मिळतच नव्हतं. यंत्रात खरंच फ्यूजन होत असेल तर पेटंट नाही, आणि पेटंट मिळणार असेल तर तो हीटर. हे त्याला विचारलेलं मी ऐकलं नाही.

पैशांची बाजू त्याहून कच्ची. निम्मे रोख, निम्मे चेकने, शेअर ‘नंतर’. खासगी कंपनीने ओळखीच्यांना शेअर द्यायचे तर कंपनी कायद्याच्या कलम ४२ प्रमाणे पैसे बँकेतूनच घ्यावे लागतात आणि ६० दिवसांत वाटप करावं लागतं. रोख मागितली तिथेच उठायचं. कंपनी खात्याच्या संकेतस्थळावर पाहिलं तर कंपनी यंत्रसामग्रीच्या व्यापाराची निघाली, आणि डायरेक्टरांत हा गृहस्थ नव्हताच. एक दिवस यंत्र ‘टेस्टिंगसाठी पुण्याला’ गेलं, मग फोन लागेनासा झाला.

आर्थिक गुन्ह्यांच्या विभागात अर्ज दिला, जबाब झाले. रोख दिलेल्यांची गणतीच होत नाहीये. चेकवाल्यांचं खाती तपासून पुढे सरकतंय. तपास अधिकाऱ्याने पहिल्यांदा मागितलं ते व्हॉट्सॲप ग्रुपमधलं बोलणं, कारण परताव्याचं आश्वासन, आठपटीचा दावा, रोख आणायच्या सूचना, सगळं तिथेच होतं. निम्म्या लोकांनी रागाने किंवा घरच्यांच्या भीतीने चॅट पुसून टाकलेली. तुम्ही अशा एखाद्या ग्रुपमध्ये असाल तर बाहेर पडू नका, काही पुसू नका. आधी सगळी चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा, पावत्यांच्या झेरॉक्स द्या, मूळ कागद जवळ ठेवा, आणि अर्जावर पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.