मत की प्रश्न? शिकाऊ उमेदवारीबाबत आपला खासदार कसा तपासावा

आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवण्यात माझी बरीच वर्षे गेली. निकाल लागला की पालक भेटायला येतात आणि मुलाला कुठल्या कंपनीत अप्रेंटिस म्हणून लावावे ते विचारतात. निवडणूक जवळ आली की त्यांच्यातलेच काही जण आणखी एक गोष्ट विचारतात. आपल्या खासदारांनी या पोरांसाठी दिल्लीत काही केले का, हे कुठे बघायचे?

भाषणांवरून ते कळत नाही. दोन नोंदी मात्र कुणालाही पाहता येतात. सभागृहात मत कसे दिले ही एक आणि मंत्र्यांना काय विचारले ही दुसरी. कामावरून घरी येऊन रात्री तासभर मोबाइलवर बसणाऱ्या माणसाला दोन्ही खोलात वाचायला जमणार नाही. म्हणून माझे मत आधीच सांगतो. शिकाऊ उमेदवारीपुरते बोलायचे तर प्रश्न आधी वाचा. मतांच्या नोंदीला पाच मिनिटे पुरतात.

मतांच्या नोंदीत काय सापडते

शिकाऊ उमेदवार अधिनियम १९६१ चा. १९७३ मध्ये त्यात अभियांत्रिकीचे पदवीधर आणि पदविकाधारक आले. १९८६ मध्ये बारावीच्या पातळीवरचे व्यावसायिक अभ्यासक्रम केलेली मुले आली. २०१४ मध्ये मोठी दुरुस्ती झाली. म्हणजे या कायद्यावर मत देण्याची वेळच खासदारांवर क्वचित येते. घराघरात जाणवलेले बदल बहुतेक विधेयकाशिवाय झाले. २०१६ मध्ये राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजना आली, विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, महिन्याला जास्तीत जास्त १,५०० रुपये, सरकार देईल असे ठरले. २०१९ मध्ये नियम बदलले, ३० किंवा त्याहून जास्त माणसे असलेल्या आस्थापनांना अप्रेंटिस घेणे बंधनकारक झाले, त्यांचे प्रमाण मनुष्यबळाच्या अडीच ते १५ टक्के ठरले, आणि विद्यावेतन शिक्षणानुसार ५,००० ते ९,००० रुपये झाले. २०२३ मध्ये सरकारचा हिस्सा थेट उमेदवाराच्या बँक खात्यात जमा होऊ लागला. यांतल्या एकाही गोष्टीवर खासदारांची नावानिशी मते घेतलेली नाहीत. योजना मंत्रालय आखते, आणि नियम अधिसूचना काढून होतात व नंतर सभागृहाच्या पटलावर ठेवले जातात.

विधेयक आले तरी ते बहुतेक वेळा आवाजी मतदानाने मंजूर होते. ‘होय’वाल्यांचा आवाज मोठा की ‘नाही’वाल्यांचा, ते पीठासीन अधिकारी ठरवतात. कुणी मतविभागणी मागितली तरच नावे नोंदली जातात. शिवाय १९८५ पासून पक्षांतरबंदी कायदा आहे, म्हणजे राज्यघटनेची दहावी अनुसूची. पक्षादेश (व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा पक्षाचा हुकूम) मोडून मत दिले तर सदस्यत्व जाऊ शकते. त्यामुळे नोंदलेल्या मतावरून पक्षाची भूमिका कळते, तुमच्या मतदारसंघातल्या माणसाचा विचार कळत नाही.

याचा चांगला नमुना म्हणजे वेतन संहिता, वेतनाचे जुने कायदे एकत्र करणारा कायदा. २ ऑगस्ट २०१९ रोजी राज्यसभेत ती ८५ विरुद्ध ८ मतांनी मंजूर झाली. इथे मतविभागणी झाली, म्हणजे नोंद आहे. या संहितेत ‘कामगार’ या शब्दाच्या व्याख्येतून शिकाऊ उमेदवाराला वगळले आहे, आपल्या मुलांच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट. पण ८५ जणांनी ‘होय’ म्हटले ते संपूर्ण संहितेला. त्यांतल्या किती जणांनी अप्रेंटिसचा विचार केला होता, हे त्या आकड्यावरून कसे कळणार? पुढच्या वर्षी सप्टेंबरमध्ये उरलेल्या तीन कामगार संहिता राज्यसभेत आल्या तेव्हा विरोधी बाकांवरच्या बहुतेकांनी कामकाजावर बहिष्कार घातला होता. तिथे ‘गैरहजर’ हा शेरा वाचून खासदाराला आळशी ठरवले तर अन्याय होईल.

२०१४ च्या दुरुस्तीचेही तसेच. कलाशाखा आणि वाणिज्यच्या पदवीधरांना दार उघडले, हे चांगले झाले. प्रशिक्षण संपलेल्या उमेदवारांना नोकरीत घेण्याबाबत प्रत्येक मालकाने स्वतःचे धोरण ठरवावे, असे कलम आले, तेही बरे. त्याच विधेयकात मालकाला तुरुंगवासाची तरतूद निघून गेली आणि नुसता दंड उरला. एका ‘होय’मध्ये हे सगळे एकत्र आहे. मी त्या वेळी सभागृहात असतो तर मला तरी काय म्हणावे ते सुचले नसते.

प्रश्नांची वही

लोकसभेत दर दिवशी २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न घेतले जातात. राज्यसभेत १५ आणि १६०. तारांकित प्रश्नाला मंत्री तोंडी उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. पण एका तासात सगळे वीस होत नाहीत, पहिल्या पाच-सहांवरच वेळ संपते. अतारांकितला लेखी उत्तर मिळते. कुणाचा प्रश्न यादीत लागणार ते सोडतीने ठरते, त्यामुळे तारांकित प्रश्न कमी दिसले म्हणून खासदाराला दोष देऊ नका. अतारांकित उत्तरांतच जास्त माल असतो. संसदेच्या संकेतस्थळावर खासदाराचे नाव आणि मंत्रालय निवडले की उत्तरे उघडतात, राज्यनिहाय तक्ते जोडलेले असतात.

प्रश्नाला पक्षादेश लागत नाही, म्हणून तिथे माणूस दिसतो. मात्र कसा विचारला आहे ते बघावे लागते. समजा, एका खासदाराने विचारले, ‘तरुणांच्या कौशल्यविकासासाठी सरकारने कोणती पावले उचलली आहेत?’ उत्तरात मंत्रालय योजनांची यादी देणार, हे ठरलेले. समजा, दुसऱ्याने विचारले, ‘महाराष्ट्रात जिल्हावार किती आस्थापनांना अप्रेंटिस घेणे बंधनकारक आहे, त्यांपैकी किती जणांनी अप्रेंटिसच्या सरकारी पोर्टलवर नोंद केली, किती जागा रिकाम्या राहिल्या, किती जणांना दंड झाला, आणि प्रशिक्षण पूर्ण केलेल्या किती जणांना त्याच आस्थापनेत नोकरी मिळाली?’ माझा अनुभव सांगतो, हा प्रश्न लिहिणारा कधीतरी आयटीआयच्या आवारात उभा राहिलेला असतो, किंवा त्याच्या कार्यालयात तसा माणूस तरी असतो.

दंडाचे उदाहरण घेऊन दाखवतो, कारण चांगला प्रश्न कुठून निघतो ते त्यात दिसते. २०१४ च्या दुरुस्तीत दंड असा ठरला: रिकाम्या ठेवलेल्या प्रत्येक जागेमागे पहिले तीन महिने दरमहा ५०० रुपये, नंतर दरमहा १,००० रुपये. आयटीआय झालेल्या मुलाचे विद्यावेतन २०१९ च्या नियमांप्रमाणे किमान ७,००० रुपये. सरकारचे १,५०० वजा केले तरी मालकाचे साडेपाच हजार जातात. जागा रिकामी ठेवणे त्याला स्वस्त पडते! हा हिशोब पाचवीतल्या मुलालाही जमेल. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने विद्यावेतन ६,८०० ते १२,३०० रुपये करण्याची शिफारस केली. मुलांना जास्त पैसे मिळावेत असे मला मनापासून वाटते, पण दंड तिथेच राहिला तर ही दरी आणखी रुंदावते. तुमच्या खासदारांनी हे दोन आकडे एकमेकांशेजारी ठेवून मंत्र्यांना कधी विचारले का? मला आधी हे बघायचे असते.

शोधताना एका मंत्रालयापाशी थांबू नका. फिटर, वेल्डर, इलेक्ट्रिशियनचे प्रश्न कौशल्यविकास मंत्रालयाकडे जातात. पदवी आणि पदविकावाल्यांची योजना शिक्षण मंत्रालयाची, तिचे पश्चिम विभागाचे मंडळ मुंबईत आहे. २०२४ च्या अर्थसंकल्पातली मोठ्या ५०० कंपन्यांची इंटर्नशिप कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे आहे. आणि रेल्वेच्या ॲक्ट अप्रेंटिसचे, म्हणजे याच कायद्याखाली रेल्वेत शिकणाऱ्यांचे, प्रश्न रेल्वे मंत्रालयाकडे.

रेल्वेचे नाव घेतले की २० मार्च २०१८ ची सकाळ आठवते. प्रशिक्षण पूर्ण केलेली पोरे माटुंगा-दादरच्या दरम्यान रुळांवर बसली होती, मध्य रेल्वेची लोकल ऐन गर्दीच्या वेळी साडेतीन तास बंद पडली. रेल्वेच्या भरतीत अशा उमेदवारांसाठी २० टक्के जागा राखीव होत्या. त्यांचे म्हणणे होते की ही मर्यादा काढा आणि आम्हाला थेट घ्या. त्या दिवशी टीव्हीवर सगळ्याच पक्षांचे नेते बोलले. महाराष्ट्रातला खासदार तपासायचा असेल तर मी त्या तारखेच्या आधीची दोन वर्षे आणि नंतरची दोन वर्षे रेल्वे मंत्रालयाला विचारलेले प्रश्न काढून बघेन. आंदोलनाच्या आधी ज्यांनी विचारले त्यांना मुलांची अडचण माहीत होती. वर्षभरानंतरही ज्यांनी पुन्हा विचारले त्यांनी ती सोडली नाही. फक्त त्याच अधिवेशनात विचारलेला प्रश्न मी कमी मोलाचा धरतो.

संख्येला भुलू नका

प्रश्नांच्या संख्येत महाराष्ट्राचे खासदार नेहमी वरच्या रांगेत असतात. सोळाव्या लोकसभेत सुप्रिया सुळे आणि श्रीरंग बारणे या दोन वेगवेगळ्या पक्षांच्या सदस्यांनी हजाराहून जास्त प्रश्न विचारले होते. मेहनतीचे काम आहे ते, त्याची कदर केलीच पाहिजे. पण हजारांत अप्रेंटिसबद्दल किती आणि कोणते, हे वेगळे मोजावे लागते. एकाच मजकुराखाली चार-पाच खासदारांची नावे असतात, तेही ध्यानात ठेवा. प्रश्न विकत घेतलेला असू शकतो, हा धडा डिसेंबर २००५ मध्ये मिळाला आहे. पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक सदस्य बडतर्फ झाले होते. म्हणून एकाच कंपनीच्या किंवा एकाच संस्थेच्या सोयीचे प्रश्न वारंवार दिसले तर तिथे थांबून विचार करा.

तुमचा खासदार मंत्री असेल तर ही वही कोरीच असणार, मंत्री प्रश्न विचारत नाहीत, उत्तरे देतात. तिथे त्यांच्या खात्याचे काम बघायचे.

आमदारांचे काय

कायदा केंद्राचा असला तरी चार किंवा जास्त राज्यांत पसरलेल्या आस्थापना आणि केंद्राचे उपक्रम सोडले तर अंमलबजावणी राज्याकडे आहे. चाकण, सातपूर, बुटीबोरी किंवा वाळूजमधल्या मध्यम कारखान्याने अप्रेंटिस घेतले नाहीत, तर विचारणा राज्याच्या यंत्रणेने करायची. म्हणजे हे काम आमदाराचे. विधानसभेत नावानिशी मतविभागणी फारच क्वचित होते, तेव्हा तिथे मतांची नोंद शोधण्यात वेळ घालवू नका, तारांकित प्रश्न आणि लक्षवेधी सूचना बघा. २०२४ ची मुख्यमंत्री युवा कार्यप्रशिक्षण योजना शासन निर्णयाने आली. बारावीला ६,०००, आयटीआय व पदविकेला ८,००० आणि पदवीला १०,००० रुपये, मुदत सहा महिने, पुढे ती वाढवून अकरा महिने झाली. मुदत संपल्यावर या मुलांनी जायचे कुठे, हे सभागृहात कुणी किती वेळा विचारले ते वाचण्यासारखे आहे.

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांसाठी थोडेसे

तिथे भारतीय पासपोर्टवर कायदेशीर राहणाऱ्यांनाही सार्वत्रिक निवडणुकीत मत देता येते, म्हणून हा मुद्दा घेतो. हाउस ऑफ कॉमन्समध्ये मतविभागणी रोजची गोष्ट आहे, सदस्य दोन वेगळ्या दालनांतून चालत जातात आणि नावे प्रसिद्ध होतात. व्हिप तिथेही असतो, पण तो मोडल्याने खासदारकी जात नाही. त्यामुळे तिथे मतांची नोंद खरोखर बोलते. एप्रिल २०१७ पासून ३० लाख पौंडांहून जास्त पगारखर्च असलेल्या मालकांवर अर्धा टक्का शिकाऊ उमेदवारी कर आहे. तो करविषयक कायद्यातून आला, म्हणजे सभागृहाच्या मतांतून. अप्रेंटिस तिथे कर्मचारी धरला जातो आणि त्याचे किमान वेतन एप्रिल २०२५ पासून तासाला ७.५५ पौंड होते. तिथला मतदार असतो तर मी आधी मते वाचली असती.

आपल्याकडे निवड करताना

समजा, तुमच्यासमोर दोन नावे आहेत. एकाने प्रत्येक विधेयकावर हजर राहून पक्षाच्या बाजूने मत दिले, पण पाच वर्षांत अप्रेंटिसबद्दल एक सर्वसाधारण प्रश्न विचारला. दुसऱ्याने दोन-तीन महत्त्वाच्या मतदानांना दांडी मारली, पण जिल्ह्यातल्या रिकाम्या जागांचा प्रश्न विचारला, उत्तर अर्धवट आले म्हणून पुढच्या अधिवेशनात पुन्हा विचारला, आणि ‘माहिती गोळा केली जात आहे’ असे उत्तर आल्यावर त्याचे पुढे काय झाले याचाही पाठपुरावा केला. मी दुसऱ्याकडे झुकेन. दांडी का मारली हे त्याला सभेत उभे राहून विचारेन जरूर. आणि एखादा उमेदवार कधीच निवडून आलेला नसेल, तपासायला नोंदच नसेल, तर प्रचाराला दारात आल्यावर त्याला एवढेच विचारा : आपल्या जिल्ह्यात अप्रेंटिसच्या किती जागा बंधनकारक आहेत आणि त्यांतल्या किती भरल्या आहेत? उत्तर येत नसले तर ‘माहिती घेऊन सांगतो’ म्हणून तो तुमचा फोन नंबर लिहून घेतो का, ते बघा.