हेरेंग डान्स कॅम्प : वर्गांसाठी जावे, पण रात्रींसाठी राहावे

लिंडी हॉप, म्हणजे स्विंग जॅझवरचा जोडीने करायचा नाच, आणि एकूण स्विंग नृत्याचे जगभर जे मेळावे भरतात, ते ढोबळमानाने दोन जातींचे असतात. काहींमध्ये स्पर्धा हा मुख्य भाग असतो आणि वर्ग, रात्रीचा नाच वगैरे तिच्या वेळापत्रकात बसवलेले असतात. 2008 मध्ये अमेरिकेत सुरू झालेली ‘इंटरनॅशनल लिंडी हॉप चॅम्पियनशिप्स’ ही या जातीची. काही ठिकाणी मात्र स्पर्धा झालीच तर ती गंमत म्हणून होते आणि सगळा भर शिकण्यावर व मनसोक्त नाचण्यावर राहतो. स्वीडनमधला हेरेंग डान्स कॅम्प या दुसऱ्या जातीचा आहे. लिंडी हॉपच्या जगात त्याच्याविषयी इतक्या भक्तिभावाने बोलले जाते, की रजा, पैसा आणि झोप या तिन्हींची किंमत मोजून तिथे जाणे खरोखरच योग्य आहे का, हा साधा प्रश्न विचारायचे राहून जाते. या परीक्षणात तोच विचारला आहे.

हेरेंग हे स्टॉकहोमच्या उत्तरेला सुमारे शंभर किलोमीटरवर, बाल्टिक समुद्राच्या काठाजवळ वसलेले जेमतेम काहीशे वस्तीचे गाव आहे. एकेकाळी इथे लोखंडाच्या खाणी होत्या. त्या बंद पडल्या आणि गाव शांत झाले. 1982 मध्ये ‘स्वीडिश स्विंग सोसायटी’ने इथे पहिले शिबिर भरवले, तेव्हा ते अगदी लहान होते. पुढे ‘रिदम हॉट शॉट्स’ या स्टॉकहोमच्या नृत्यसंघातील मंडळींनी, विशेषतः लेनार्ट वेस्टरलुंड यांनी, ते वाढवले. ही मंडळी जुन्या चित्रफिती पाहून नाच शिकत होती, पण तेवढ्याने त्यांचे समाधान झाले नाही. न्यूयॉर्कमधल्या हार्लेम वस्तीतल्या सॅव्हॉय बॉलरूम या नृत्यगृहात प्रत्यक्ष नाचलेली माणसे त्यांनी शोधून काढली. अल मिन्स 1984 मध्ये स्टॉकहोमला येऊन शिकवून गेले. फ्रँकी मॅनिंग 1989 मध्ये हेरेंगला आले आणि त्यानंतर उतारवयापर्यंत येत राहिले. ज्या माणसाने 1935 च्या सुमारास जोडीदारणीला पाठीवरून उलटी फिरवून लिंडी हॉपला हवेत नेले, त्याने नंतर तीनएक दशके न्यूयॉर्कच्या टपाल खात्यात नोकरी केली होती. हे लक्षात घेतले, म्हणजे या स्वीडिश मंडळींनी काय मिळवले ते कळते. कॅम्पच्या प्रतिष्ठेचा मोठा भाग या एका संबंधातून आला आहे आणि तो उसना नाही.

कॅम्प जुलै महिन्यात, आठवड्या-आठवड्यांच्या तुकड्यांत चालतो. लिंडी हॉपबरोबर बाल्बोआ, शॅग, बूगी वूगी, टॅप अशा शाखाही असतात, मात्र नवख्याने दोन शाखांचा मोह टाळावा. वर्गांच्या पातळ्या ठरलेल्या असतात आणि वरच्या पातळ्यांसाठी शिक्षकांसमोर नाचून दाखवावे लागते. या निवडीत अनेकांचा हिरमोड होतो. आपल्या शहरात ‘पुढचा’ समजला जाणारा नर्तक इथे मधल्या वर्गात बसतो, कारण इथली मोजपट्टी वेगळी आहे. माझ्या मते ही कडक निवडच वर्गांचा दर्जा टिकवून धरते.

शिकवण्याची पद्धत कळण्यासाठी एकच उदाहरण पुरेसे आहे. लिंडी हॉपचा कणा असलेला ‘स्विंगआउट’ आठ मात्रांचा असतो : पहिल्या दोन मात्रांत जोडी एकमेकांकडे येते, तीन-आणि-चारला जवळ येऊन गिरकीत सापडते, पाच-सहाला फॉलो (इशाऱ्यामागे जाणारी जोडीदार) मोकळी सुटते आणि सात-आणि-आठला दोघे हाताच्या अंतरावर स्थिरावतात. पाचव्या मात्रेला लीडने, म्हणजे इशारा देणाऱ्याने, हाताने ढकलले की फॉलोचा तोल जातो आणि पुढची मात्रा बिघडते, ही चूक जगभरच्या वर्गांत सापडते. इथे शिक्षक ती शब्दांत फारशी समजावत नाहीत. जोडीदार दर दोन-चार मिनिटांनी बदलत राहतात आणि पाचव्या-सहाव्या अनोळखी हातात हात दिल्यावर तुमचे तुम्हालाच कळते, की जोर दंडातून येतो आहे की पायांतून. कोरियातली मुलगी, पोलंडमधला निवृत्त शिक्षक, ब्राझीलचा विद्यार्थी असे एकापाठोपाठ एक जोडीदार समोर आले, की घरच्या ठराविक जोडीदाराने सांभाळून घेतलेल्या खोडी उघड्या पडतात. अशी तपासणी लहान शहरातल्या वर्गात होणे अवघड, कारण तिथे आठ-दहा माणसे वर्षानुवर्षे एकमेकांच्या चुकांशी जुळवून घेत असतात.

तरीही केवळ वर्गांसाठी इतक्या लांब जावे, असे मी म्हणणार नाही. उत्तम शिक्षक आता वर्षभर अनेक देशांत फिरत असतात आणि त्यांचे वर्ग अधिक जवळ, अधिक स्वस्तात मिळू शकतात. हेरेंगचे खरे वैशिष्ट्य संध्याकाळनंतर सुरू होते. गावातल्या ‘फोल्केट्स हूस’ या जुन्या सभागृहात रात्रीची सभा भरते. वेस्टरलुंड यांच्या संथ, गंभीर चेहऱ्याच्या विनोदांसाठी ती प्रसिद्ध आहे. घोषणा, हास्य, जुन्या चित्रफिती आणि ज्येष्ठ नर्तकांच्या मुलाखती यांचे ते मिश्रण असते. नॉर्मा मिलर यांच्यासारखी सॅव्हॉयच्या काळातली नर्तकी या व्यासपीठावर बसून आठवणी सांगत असे, यावरून त्याचे मोल लक्षात यावे. सभा संपली की खुर्च्या हलतात आणि नाच सुरू होतो, तो उजाडेपर्यंत. जुलैत इथे सूर्य रात्री दहाच्या आसपास मावळतो आणि पहाटे चारच्या सुमारास उगवतो, त्यामुळे मध्यंतरीचा अंधार असा फार नसतोच.

या रात्रींना एक अंतर्गत क्रम असतो. सुरुवातीला मध्यम लयीची गाणी आणि गर्दी असते. मग बँड किंवा डीजे लय वाढवत नेतात; मिनिटाला दोनशे ठोक्यांच्या पुढे गाणे गेले, की फरशी अर्धी मोकळी होते आणि उरलेले नर्तक वाद्यांच्या जवळ सरकतात. कुणीतरी गोल करतो. एकेक जोडी मध्ये शिरते, काही आवर्तने नाचून बाहेर पडते आणि तिची जागा दुसरी घेते. सॅव्हॉयमध्ये ‘कॅट्स कॉर्नर’ नावाच्या कोपऱ्यात हेच चालत असे. तिथले कसलेले नर्तक जागा राखून असत आणि नवख्याला तिथे पाऊल टाकायला छाती लागे. हेरेंगचा गोल त्यापेक्षा पुष्कळ उदार आहे. चुकलेल्या जोडीलाही टाळ्या मिळतात. पहाटेकडे लय उतरते, ब्लूजकडे झुकते, आणि ज्यांच्या पायांत त्राण उरलेले नसते त्यांचा नाच तेव्हा सर्वांत चांगला होतो, असे माझे निरीक्षण आहे. मिरवण्याची ताकद संपली, की माणूस ऐकू लागतो.

ज्यांना स्पर्धेची आवड आहे, त्यांची इथे निराशा होईल. स्पर्धेला कमी लेखण्याचे कारण नाही. लिंडी हॉपची घडण स्पर्धांतूनच झाली आहे. 1935 मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेल्या ‘हार्व्हेस्ट मून बॉल’ने हार्लेमच्या नर्तकांना मोठा प्रेक्षक मिळवून दिला. आजच्या स्पर्धांतही ‘जॅक अँड जिल’ हा प्रकार मला फार मोलाचा वाटतो. त्यात जोडीदार चिठ्ठीने ठरतो, गाणे आधी माहीत नसते आणि बसवलेल्या नाचाला वाव राहत नाही. गुणांकनाची पद्धतही विचार करून आखलेली आहे. परीक्षक गुणांची बेरीज करत नाहीत, प्रत्येकजण जोड्यांचा क्रम लावतो. पाच परीक्षकांपैकी तिघांनी एखाद्या जोडीला पहिली ठेवले की ती पहिली, आणि तसे बहुमत कुणालाच नसेल तर पहिला व दुसरा क्रम एकत्र मोजतात. एखाद्या परीक्षकाने आवडत्या जोडीवर मनमानी उधळण केली, तरी निकाल फारसा हलत नाही. पण हे सारे पाहायला आणि त्यात उतरायला स्पर्धांनाच जावे. हेरेंगमध्ये ती ईर्ष्या मागायला जाणे म्हणजे वारीत जाऊन कुस्तीचा आखाडा शोधण्यासारखे आहे.

राहण्याची सोय साधी आहे आणि ती तशी असल्याचे कुणी लपवत नाही. शाळेच्या वर्गखोल्यांत दुमजली पलंग, तंबूंसाठी मैदान, किंवा गावकऱ्यांच्या घरातली भाड्याची खोली असे पर्याय असतात. सामायिक खोलीत रात्रभर कुणी ना कुणी येत-जात असणार, हे गृहीत धरावे. ज्याची झोप सावध आहे, त्याने जास्त पैसे देऊन खासगी खोली घ्यावी. डोळ्यांवरची पट्टी तर दोन्हीकडे लागतेच. जेवण कॅम्पवर मिळते, ‘कुगेन’ हे किराणा दुकान आहे, ‘बार बेडलम’मध्ये कॉफीवर गप्पा चालतात. डासांचे मलम विसरू नये.

एका गोष्टीबद्दल मात्र सरळ बोलायला हवे. लिंडी हॉप ही हार्लेमच्या कृष्णवर्णीय तरुणांची निर्मिती आहे. 1926 मध्ये उघडलेले सॅव्हॉय 1958 मध्ये बंद झाले, इमारत पाडून तिथे घरे बांधली गेली, आणि या नाचाची मोठी शाळा आज उत्तर युरोपातल्या एका गोऱ्या खेड्यात भरते. वर्गांत आणि फरशीवर दिसणारे चेहरेही बहुतांशी गोरे असतात. जुन्या नर्तकांना सन्मानाने बोलावून त्यांच्याकडून शिकणे, हे हेरेंगने फार लवकर केले आणि त्याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. पण ती पिढी आता राहिली नाही. फ्रँकी मॅनिंग 2009 मध्ये गेले आणि नॉर्मा मिलर 2019 मध्ये गेल्या. यापुढे या वारशाशी असलेले नाते चित्रफितींवर टिकणार नाही. आजचे कृष्णवर्णीय शिक्षक आणि वादक किती संख्येने, आणि वर्गाबाहेरच्या निर्णयांतही, सामील आहेत, यावरच ते जोखले जाईल. कुठल्याही आठवड्याची नोंदणी करण्यापूर्वी शिक्षकांची यादी या दृष्टीने जरूर वाचावी.

मराठी वाचकाला हे जॅझ संगीत अगदीच परके वाटू नये. अमेरिकन जॅझवादक लिऑन अ‍ॅबी यांचा बँड 1935 मध्ये मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला, त्याच सुमारास गोव्याचे वादक हे संगीत आत्मसात करत होते, आणि चिक चॉकलेट या नावाने गाजलेल्या गोमंतकीय ट्रम्पेटवादकाची साथ पुढे सी. रामचंद्रांच्या चालींना मिळाली. भगवानदादांचा नाच पाहत वाढलेल्या माणसाला स्विंगची लय कानाने आधीच ठाऊक असते, पायांना तेवढी शिकवायची असते.

भारतातून जाणाऱ्यांसाठी खर्चाचा मोठा भाग विमानाचा आणि मुक्कामाचा. शेंगेन व्हिसाचे प्रौढांसाठीचे शुल्क 90 युरो आहे आणि जुलै हा युरोपच्या पर्यटनाचा ऐन हंगाम असल्याने भेटीची वेळ मिळवायला हिवाळा संपण्याआधीच हालचाल करावी. वर्गांबरोबर कामाच्या मोबदल्यात राहण्याची स्वयंसेवकांची पद्धत कॅम्पवर आहे. मात्र व्हिसाच्या अटी पाहूनच तिचा विचार करावा. निदान सहा महिने नियमित नाचलेल्या, अनोळखी जोडीदाराला ‘नाचणार का?’ असे विचारण्याची सवय झालेल्या माणसाला मी हा कॅम्प निःशंकपणे सुचवीन. ज्याने अजून एकही स्विंगआउट केलेला नाही, त्याने एवढा खर्च पुढच्या वर्षावर टाकावा. जाणाऱ्यांनी चामड्याच्या गुळगुळीत तळव्याचे बूट आणि रबरी तळव्याचे असे दोन जोड न्यावेत, कारण सभागृहाची लाकडी फरशी आणि बाहेरच्या उघड्या ‘डान्सबानन’ची फरशी यांवर पाय सारखे सरकत नाहीत. स्टॉकहोमहून नोरटेल्ये आणि हालस्टावीकमार्गे बसने जायचे असेल, तर रात्री उशिरा उतरणारे विमान घेऊ नये. शेवटच्या टप्प्यावरच्या बस विरळ असतात.