घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे: उपचार बेळगावला की कोल्हापूरला?

सीमाभागातल्या मराठी कुटुंबापुढे दोन सरकारांच्या आरोग्य योजना आहेत. कर्नाटकाची 'आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक' आणि महाराष्ट्राची 'महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना'. दोन्हीकडे वरचा आकडा एकच, कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये. म्हणून रकमेवरून निवड करू नका. रुग्णाजवळ कोण बसणार, त्याला आठवड्यातून किती फेऱ्या झेपतील आणि डिस्चार्जनंतरचा खर्च कोण देणार, हे आधी ठरवा.

ऑपरेशनपुरता विचार

कर्नाटकात बीपीएल आणि अंत्योदय कार्डावर पूर्ण ५ लाखांचं संरक्षण मिळतं. एपीएल कार्ड असेल तर सरकार पॅकेजच्या ३० टक्केच देतं, तेही वर्षाला दीड लाखापर्यंत. उरलेले ७० टक्के खिशातून. एपीएल कुटुंबातलं कोणी सहकारी सोसायटीचं सभासद असेल, तर यशस्विनी योजना जास्त फायद्याची ठरते. ग्रामीण भागात चार जणांच्या कुटुंबाला वर्षाला ५०० रुपये वर्गणी आहे. मात्र नोंदणी वर्षातल्या ठरावीक मुदतीतच होते, दुखणं आल्यावर नाव घालता येत नाही.

आरोग्य कर्नाटक योजनेत लोक अडकतात ते रेफरल चिठ्ठीवर. ठरवून करायच्या मोठ्या उपचारासाठी आधी सरकारी दवाखाना गाठायचा, म्हणजे तालुका रुग्णालय किंवा बेळगावचं सिव्हिल (बिम्स). तिथे सोय नसेल तर ते चिठ्ठी देतात आणि मग यादीतल्या खासगी रुग्णालयात जायचं. नातेवाईक घाईत थेट खासगीत दाखल करतात, ॲडव्हान्स भरतात आणि नंतर चिठ्ठीसाठी सिव्हिलला धावतात. दाखल झाल्याची तारीख आधीची आणि चिठ्ठी नंतरची, असं झालं की प्रकरण अडकतं. अपघात, हृदयविकाराचा झटका अशा तातडीच्या वेळी चिठ्ठी लागत नाही.

महाराष्ट्राची योजना २०१२ साली 'राजीव गांधी जीवनदायी' म्हणून सुरू झाली. तेव्हा मर्यादा दीड लाख होती, जुलै २०२४ पासून ती ५ लाख झाली. महाराष्ट्राने दावा सांगितलेल्या कर्नाटकातल्या ८६५ गावांना ती लागू करण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. त्यावर कर्नाटक सरकारने हरकत घेतली आणि विषय राजकारणात गेला. रुग्णाच्या दृष्टीने याचा अर्थ एवढाच की कागदावर पात्र असणं पुरेसं नाही. गाडी काढण्याआधी त्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला (योजनेच्या मदतनिसाला) फोन करा आणि विचारा: ही शस्त्रक्रिया तुमच्याकडे योजनेतून होते का? (रुग्णालयाला मान्यता विभागवार असते. हाडांसाठी आहे म्हणून मेंदूसाठी असेलच असं नाही.) सीमाभागातल्या रुग्णाचे कोणते कागद चालतात? पूर्वमंजुरीला किती दिवस लागतील? मंजुरीआधी रोख भरलेले पैसे परत मिळतील या भरवशावर राहू नका.

तिसरी वाट फार कमी लोकांना माहीत आहे. २०११ च्या सामाजिक-आर्थिक जनगणनेच्या यादीत कुटुंबाचं नाव असेल, तर केंद्राचं आयुष्मान कार्ड दुसऱ्या राज्यातल्या मान्य रुग्णालयातही चालतं. मग ८६५ गावांचा वादच मध्ये येत नाही. यादीत नाव आहे का, हे १४५५५ वर विचारता येतं.

आमचं मत सरळ आहे. निपाणीहून कोल्हापूर सुमारे ४० किलोमीटर आणि बेळगाव ७५ च्या आसपास. निपाणीच्या माणसाने एकदाच होणाऱ्या ऑपरेशनसाठी सीपीआर (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) किंवा कोल्हापुरातल्या यादीतल्या रुग्णालयाचा विचार जरूर करावा. खानापूरकराने नाही, त्याला बेळगाव २५-२६ किलोमीटरवर आहे. डायलिसिस असेल तर मात्र कुठल्याही गावच्या माणसाने जवळचं केंद्रच धरावं. आठवड्याला दोन-तीन फेऱ्या, दर वेळी चार तास यंत्रावर, म्हणजे सोबत जाणाऱ्याची तितकी मजुरी गेली. ती कुठलीच योजना भरून देत नाही.

घरी आणल्यावर

इथे तुलना फारशी उरत नाही, कारण दरमहा मिळणारा पैसा राहत्या राज्याचाच. महाराष्ट्राच्या संजय गांधी निराधार योजनेला तिथलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं.

विनामोबदला सांभाळ करणाऱ्याला कायद्याने ओळख दिली आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात 'काळजीवाहक' या व्याख्येत पगार न घेणारे आई-वडील आणि घरचे लोकही येतात, आणि जास्त आधार लागणाऱ्या व्यक्तीसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद कलम २४ मध्ये आहे. कर्नाटकाने २०२४-२५ च्या अर्थसंकल्पात असा महिना १,००० रुपयांचा भत्ता जाहीर केला. पण सेरेब्रल पाल्सी, मस्क्युलर डिस्ट्रॉफी, पार्किन्सन्स आणि मल्टिपल स्क्लेरोसिस एवढ्यांसाठीच. लकवा आणि स्मृतिभ्रंश, म्हणजे खेड्यातल्या सुना-लेकींच्या वाट्याला येणारं बहुतेक काम, या यादीबाहेर आहे. हजार रुपयांत पंधरा दिवसांचे डायपरही येत नाहीत, ते वेगळंच.

यादीत नसलेल्यांनी रुग्णाच्या नावाने पेन्शन धरावी. अर्ज नाडकचेरीत (तालुक्याखालच्या महसूल कार्यालयात) करायचा, वार्षिक उत्पन्न ३२ हजारांच्या आत हवं. दिव्यांग पेन्शन ४० ते ७५ टक्क्यांना ८०० रुपये, ७५ टक्क्यांच्या वर १,४०० रुपये; ६५ वर्षांवरच्यांना संध्या सुरक्षा १,२०० रुपये. एका माणसाला एकच पेन्शन मिळते, म्हणून हिशेब करून अर्ज द्या. लकव्याने ८० टक्के अपंगत्व आलेल्या सत्तरीच्या आजोबांना दिव्यांग पेन्शन परवडते, ५० टक्के असेल तर संध्या सुरक्षा.

टक्केवारी ठरते यूडीआयडी कार्डावर, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रावर. अर्ज ऑनलाइन, तपासणी सरकारी रुग्णालयाच्या बोर्डापुढे. कार्ड देशभर चालतं. आधारवरचं नाव, रेशन कार्डावरचं कन्नड नाव आणि डिस्चार्ज पेपरवरचं नाव जुळत नसेल तर आधी ते दुरुस्त करून घ्या, बोर्डाची तारीख नंतर मागा.

ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व किंवा बहुविकलांगता असेल तर नॅशनल ट्रस्टची 'निरामय' ही आरोग्य विमा योजना काढाच. बीपीएलला २५० रुपये, इतरांना ५०० रुपये भरून वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं. वरच्या मोठ्या योजना दाखल झालेल्या रुग्णासाठी आहेत. निरामयमध्ये ओपीडी आणि नियमित थेरपीचा खर्चही बसतो. केंद्राची असल्याने सीमा आडवी येत नाही. बिलं मात्र प्रत्येक वेळी मागून घ्या, पैसे बिलावरच परत मिळतात.

कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या पत्त्यावर आधार फिरवून महाराष्ट्राची योजना मिळवण्याचा सल्ला गावोगाव दिला जातो. तो ऐकू नका. पत्ता बदलला की कर्नाटकाचं रेशन कार्ड आणि पेन्शन दोन्ही धोक्यात येतात. बँकेचंही तसंच. सरकारी पैसा आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जातो, त्यामुळे तिकडे नवं खातं उघडून आधार जोडलंत तर गावच्या खात्यात येणारी पेन्शन थांबल्यासारखी दिसते. ती नव्या खात्यात जमा होत असते. पासबुक भरून पाहा आणि जुन्या बँकेत आधार पुन्हा जोडून घ्या.