झाडीपट्टीतील श्वानमेळावा: राखणदार कुत्र्यांना मिळालेले मैदान

धानाची मळणी उरकली आणि तणशीचे ढीग रचून झाले की पूर्व विदर्भात, म्हणजे झाडीपट्टीत, मंडई (गावजत्रा), नाटके आणि शंकरपट (बैलांच्या शर्यती) यांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर जिल्ह्यात सिंदेवाही ते मूल या पट्ट्यातील एका गावाने याच हंगामात शंकरपटाच्या मैदानावर पंचक्रोशीतील कुत्र्यांसाठी एक दिवसाचा मेळावा भरवला होता. प्रवेश विनामूल्य होता, नोंदणी विनामूल्य होती आणि खर्च गावाने वर्गणीतून उचलला होता. सकाळच्या नोंदणीपासून बक्षीस वाटपापर्यंत मी तेथे होतो. असे मेळावे गावोगाव व्हावेत असे मला मनापासून वाटते, आणि म्हणूनच या मेळाव्यात जे उत्तम होते तितक्याच स्पष्टपणे जे धोक्याचे होते तेही येथे नोंदवत आहे.

या मेळाव्याचे वेगळेपण नोंदणीच्या अर्जातच दिसले. शहरांतील श्वान प्रदर्शनांत जात, उंची, केस आणि चाल यांवर गुण दिले जातात. येथील अर्जात जातीचा रकानाच नव्हता. त्याऐवजी ‘कुत्रा कोणते काम करतो’ असा प्रश्न होता, आणि त्याच्या उत्तरावरून शेताची जागल करणारे, कळप राखणारे, घर राखणारे आणि सरकारी सेवेतील अशा चार गटांत कुत्र्यांची विभागणी केली होती. रानडुकरे आणि रोही (नीलगाय) यांच्यापासून पीक वाचवण्यासाठी ज्या भागात शेतकऱ्याला रात्र रात्र मचाणावर काढावी लागते, त्या भागात जागलीवरच्या गावठी कुत्र्याची किंमत वेगळी सांगण्याची गरज नाही. तरीही त्याला मैदानावर नाव पुकारून बोलावले जात आहे, त्याच्या कामाची माहिती वाचून दाखवली जात आहे आणि गाव ती शांतपणे ऐकत आहे, हे दृश्य मी प्रथमच पाहिले.

दिवसातील सर्वांत मोलाचे प्रात्यक्षिक मेंढपाळांचे होते, आणि दुर्दैवाने सर्वांत कमी लोकांना तेच समजले. चंद्रपूर-गडचिरोली भागातील कुरमार मेंढपाळ पिके निघाल्यावर कळप घेऊन फिरतात आणि खतासाठी शेतात मेंढ्या बसवतात. त्यांच्यापैकी एक कुटुंब लहानसा कळप आणि दोन कुत्रे घेऊन आले होते. आता कुत्रा मेंढ्या कशा वळवतो ते पाहा, असे निवेदकाने ध्वनिक्षेपकावरून जाहीर केले. कुत्रा मात्र कळपाच्या कडेला, वारा ज्या बाजूने येत होता त्या बाजूला तोंड करून बसून राहिला. प्रेक्षकांत चुळबुळ सुरू झाली, तेव्हा मेंढपाळाने निवेदकाला सांगितले, ‘‘मेंढ्या वळवाचं काम माझं जी; हा निसता राखण करते.’’

हे एक वाक्य नीट उलगडून सांगितले गेले असते तर प्रात्यक्षिकाचे सोने झाले असते. मेंढ्या वळवणारा कुत्रा आणि मेंढ्या राखणारा कुत्रा ही दोन निराळी कामे आहेत आणि त्यांसाठी लागणारे स्वभावही निराळे आहेत. इंग्लंड-स्कॉटलंडच्या सीमाभागातील बॉर्डर कोली जातीचा कुत्रा शिट्टीच्या इशाऱ्यावर, शिकारी प्राण्यासारखा दबकत जाऊन मेंढ्यांना हव्या त्या दिशेने नेतो. आपल्याकडील धनगरांचे आणि कुरमारांचे कुत्रे, हिमालयातील गद्दी मेंढपाळांचे कुत्रे किंवा तुर्कस्तानातील ‘कंगाल’ जातीचे कुत्रे हे राखणदार वर्गातील आहेत. त्यांनी मेंढीच्या मागे धावूच नये, हीच त्यांच्याकडून अपेक्षा असते. पिल्लू साधारण तीन ते बारा आठवड्यांचे असताना ज्यांच्या सहवासात वाढते त्यांनाच ते आपले मानते, म्हणून मेंढपाळ त्याला त्या वयात कोकरांमध्ये ठेवतात. पुढे लांडगा किंवा बिबट्या आल्यास ते पळून न जाता कळप आणि संकट यांच्या मध्ये उभे राहते.

हे मध्ये उभे राहणे थोड्याच वेळात आम्हाला पाहायला मिळाले. मेंढपाळाच्या सूचनेवरून एक अनोळखी स्वयंसेवक घोंगडी पांघरून, वाकत वाकत कळपाकडे निघाला. बसलेला कुत्रा न भुंकता उठला, कळपाला वळसा घालून नेमका त्या माणसाच्या वाटेत आला आणि मग खालच्या आवाजात गुरगुरला. दुसऱ्या बाजूचा कुत्रा मात्र जागचा हलला नाही, कारण त्याची बाजू उघडी पडली असती. मालकाने हाक देताच पहिला परत आपल्या जागी जाऊन बसला. एवढ्या साध्या हालचालींत किती पिढ्यांची निवड आणि शिकवण आहे, हे सांगायला त्या वेळी जाणकार समालोचक हवा होता. दोन्ही कुत्र्यांच्या गळ्यात बाहेर टोके असलेले खिळ्यांचे पट्टे होते. बिबट्या मान धरतो, म्हणून हा पट्टा. मैदानाच्या कडेला एका कारागिराने असे पट्टे विक्रीला ठेवले होते. आतून जाड चामड्याचे अस्तर असल्याने खिळ्यांची डोकी कुत्र्याच्या मानेला लागत नव्हती. जंगलालगतच्या गावात अंगणातला कुत्रा बिबट्याने उचलणे ही नेहमीची गोष्ट आहे, त्यामुळे संपूर्ण मेळाव्यात सर्वाधिक उपयोगाचे दुकान हेच होते असे मी म्हणेन.

पोलीस श्वानपथकाचे प्रात्यक्षिक आखीव होते आणि त्याचे समालोचनही पथकातील हवालदारांनी स्वतः केले. ओळीने ठेवलेल्या पिशव्यांमधून फिरताना कुत्रा एका पिशवीपाशी थांबला आणि शांतपणे खाली बसला. स्फोटकाचा वास लागल्यावर त्याने भुंकायचे नाही, उकरायचे नाही, केवळ बसायचे, कारण त्याच्या पंजाचा धक्का सुद्धा जीवघेणा ठरू शकतो, असे त्यांनी समजावले. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात १ मे २०१९ रोजी जांभुळखेडा येथे झालेल्या भूसुरुंगाच्या स्फोटात १५ पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मृत्युमुखी पडले होते. ही आठवण प्रेक्षकांत अनेकांच्या मनात असावी, कारण त्या बसण्यावर क्षणभर कोणी टाळीही वाजवली नाही.

वन विभागाच्या पथकाने त्यानंतर जे सांगितले ते प्रत्येक ग्रामसभेत सांगण्यासारखे आहे. वन्यजीवांच्या तस्करीचा माग काढणारे कुत्रे तयार करण्याचा कार्यक्रम ट्रॅफिक या संस्थेने भारतात २००८ साली सुरू केला. ग्वाल्हेरजवळील टेकनपूर येथे सीमा सुरक्षा दलाच्या राष्ट्रीय श्वान प्रशिक्षण केंद्रातही असे कुत्रे घडवले जातात. वाघाची हाडे व कातडी, अस्वलाचे पित्त अशा वस्तूंचा वास त्यांना अनेक महिने शिकवला जातो. परंतु विदर्भात वाघ मरतो तो अनेकदा तारेच्या फासात किंवा रानडुकरांसाठी सोडलेल्या विजेच्या तारेने, आणि अशा ठिकाणी कुत्र्याला माग काढायचा असतो तो तार लावणाऱ्या माणसाचा. मेलेला प्राणी दिसताच गाव गोळा झाले की तो वास शेकडो पावलांखाली हरवतो. म्हणून अशा जागी लांबच थांबावे, कोणतीही वस्तू हातात घेऊ नये आणि वनरक्षकाला कळवावे, एवढेच त्यांचे मागणे होते. मैदानात आधी एकाच माणसाला चालवून आणि नंतर त्याच वाटेवरून वीसेक मुलांना धाववून त्यांनी हा फरक प्रत्यक्ष दाखवला. दुसऱ्या वेळी कुत्रा घोटाळला आणि मुलांना कारण लगेच कळले.

खेळांपैकी ‘मालकाची हाक’ हा खेळ उत्तम योजलेला होता. मैदानाच्या एका टोकाला कुत्रा धरून ठेवायचा, दुसऱ्या टोकावरून मालकाने हाक द्यायची, आणि वाटेत ठेवलेल्या भाकरीच्या तुकड्यांकडे न वळता जो सरळ मालकाकडे येईल तो विजयी. यात कोणाला महागडे प्रशिक्षण लागत नाही, कुत्र्याला कोणतीही इजा होत नाही आणि घरी त्याच्याशी कसे वागले जाते हे आपोआप उघड होते. एका शाळकरी मुलीची काळी कुत्री भाकरीवरून उडी मारून तिच्याकडे आली तेव्हा मैदानातून उठलेला आनंद खरा होता. धावण्याच्या शर्यतीविषयी मला आधी शंका होती, कारण कारवानीसारख्या शिकारी कुत्र्यांच्या शर्यतींना अनेक ठिकाणी सशाच्या शिकारीची जोड असते, आणि ती १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे. येथे दोरीने ओढलेले कापड पुढे ठेवले होते आणि उन्हे चढण्याआधी शर्यत संपवली, हे आयोजकांचे भान कौतुकास्पद आहे.

मात्र दुपारनंतर भाड्याने आणलेला मोठ्या आवाजाचा संच सुरू झाला आणि सकाळची शिस्त विसकटली. माणसाला साधारण २० हजार हर्ट्झपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात, कुत्र्याला त्याच्या दुपटीहून वरचे. ज्या कर्ण्याशेजारी आपण अस्वस्थ होतो तेथे बांधलेल्या कुत्र्याची काय अवस्था होत असेल? शेपटी पायांत घेणे, झोप नसताना जांभया देणे आणि पुन्हा पुन्हा ओठ चाटणे ही भीतीची लक्षणे सगळीकडे दिसत होती, आणि त्याच वेळी मुलांसाठी फुगे फोडण्याचा खेळ सुरू होता. घाबरलेला, बांधलेला कुत्रा आणि त्याच्याभोवती धावणारी मुले यांतूनच चावा घडतो. त्या दिवशी कोणाला इजा झाली नाही, तरी पुढील वर्षी हा संच मैदानात येऊच नये.

याहून गंभीर आक्षेप लसीकरणाविषयी आहे. रेबीज प्रतिबंधक लस विनामूल्य ठेवली होती, पशुवैद्यकांनी अतिशय संयमाने काम केले आणि दुपट्ट्याने कुत्र्याचे तोंड सुरक्षितपणे कसे बांधावे हेही त्यांनी मालकांना शिकवले. पण त्यांचा मांडव मैदानाच्या अगदी टोकाला होता आणि तो दुपारी उघडला. तोपर्यंत लस झालेले आणि न झालेले कुत्रे सकाळपासून एकमेकांना हुंगत, एकाच टाक्यातले पाणी पीत होते. लस टोचली म्हणजे त्याच दिवशी संरक्षण मिळत नाही, त्यासाठी दोन-तीन आठवडे जावे लागतात. शिवाय कुत्र्यांचे इतर विषाणूजन्य आजारही असतात: डिस्टेंपर श्वासातून व स्रावांतून पसरतो, आणि पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने टिकतो. २०१८ साली गीरच्या जंगलात वीसहून अधिक सिंह दगावले तेव्हा त्यांपैकी काहींत डिस्टेंपरचा विषाणू आढळला होता आणि ती तपासणी आपल्या पुण्यातील राष्ट्रीय विषाणू संस्थेने केली होती. ताडोब्याच्या इतक्या जवळ कुत्री एकत्र आणताना हा धोका आयोजकांनी डोळ्यांपुढे ठेवलाच पाहिजे. मेळाव्याच्या तीन आठवडे आधी गावोगाव लसीकरण करावे, कार्ड द्यावे आणि कार्ड असलेल्या कुत्र्यालाच मैदानात घ्यावे. एखाद्या भागातील सुमारे ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली तर रेबीजची साखळी तुटते असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. मेळाव्याच्या निमित्ताने एक पंचक्रोशी जरी त्या आकड्याला पोहोचली, तर कोणत्याही बक्षिसापेक्षा ते मोठे काम होईल.

त्याच मांडवातील आरोग्यसेविकांचा फलक मात्र ठळक आणि नेमका होता: चावा घेतल्यास जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, चुना, हळद किंवा तिखट लावू नये, आणि त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन लस सुरू करावी. लक्षणे दिसू लागल्यावर रेबीजचा रुग्ण जवळपास कधीच वाचत नाही, हे वाक्य लाल अक्षरांत होते आणि ते तसेच हवे. नसबंदीविषयी दिवसभरात एक शब्दही उच्चारला गेला नाही, ही उणीव आहे.

बाकी व्यवस्थेविषयी थोडक्यात. तर्री पोहे गरम होते, पिण्याचे पाणी माणसांसाठी पुरेसे होते, महिलांसाठी स्वच्छतागृह नव्हते. गावठी पिल्ले दत्तक देण्याचा कोपरा चांगला चालला, पण संध्याकाळी उरलेली पिल्ले जवळजवळ सगळी माद्याच होत्या. कुंपणाबाहेर एक विक्रेता हस्कीची पिल्ले विकत होता. मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जाणाऱ्या या मुलखात बर्फाळ प्रदेशातले जनावर आणणे क्रूर आहे, आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकणे तर २०१७ च्या नियमांनुसार बेकायदा आहे. आयोजकांनी त्याला तेथून उठवायला हवे होते.

पुढील वर्षी जाणाऱ्यांनी सकाळी लवकर पोहोचावे, कारण मेंढपाळांचे आणि दोन्ही पथकांचे कार्यक्रम दुपारच्या आत संपतात. कुत्रा नेणार असाल तर त्याची लस किमान महिनाभर आधी करून घ्यावी, मजबूत दोर आणि पाण्याचे स्वतंत्र भांडे सोबत ठेवावे, माजावर असलेली कुत्री घरीच ठेवावी आणि आवाजाचा संच सुरू झालाच तर जनावराला घेऊन सरळ बाहेर पडावे.