एक अख्खा हिवाळा कॅनडियन मालिकांसोबत: आठ महिन्यांनंतरचा अनुभव

टोरांटोजवळच्या ब्रॅम्प्टनला येऊन आम्हाला सहा वर्षं झाली, आणि या सहा वर्षांत इथे बनलेली एकही मालिका आम्ही पाहिली नव्हती. घरी संध्याकाळी लागायचं ते मराठी, नाहीतर हिंदी, नाहीतर अमेरिकन. मागच्या नोव्हेंबरात आई-बाबा सोलापूरहून सुपर व्हिसावर (आई-वडिलांना मुलांकडे बराच काळ राहता येतं असा व्हिसा) आले. घड्याळं तासभर मागे गेली, पाचच्या आत अंधार पडायला लागला आणि जेवणानंतर चौघांनी मिळून काय बघायचं हा रोजचा प्रश्न झाला. नवरा म्हणाला, "हा हिवाळा फक्त इथलंच बघू." जूनमध्ये आई-बाबा परत गेले तोपर्यंत आम्ही ते पाळलं. आठ महिन्यांत काय टिकलं, काय अर्ध्यात सोडलं, ते सविस्तर लिहिते आहे. इथे नवीन आलेल्या कुणाला उपयोग होईल.

आधी सोयीचं. बहुतेक सगळं आम्ही सीबीसी जेमवर, म्हणजे सीबीसी या इथल्या सार्वजनिक वाहिनीच्या ॲपवर पाहिलं. कॅनडात राहत असाल तर फुकट खातं उघडता येतं, मध्ये जाहिराती येतात. काही मालिका पैसे भरून घ्याव्या लागल्या, आणि जुन्या मालिकांच्या डीव्हीडी गावातल्या वाचनालयातून आणल्या. वाचनालयाचं कार्ड असेल तर तिथे जरूर चौकशी करा. इंग्रजी सबटायटल्स आम्ही कायम चालू ठेवली. बाबांचं इंग्रजी वाचन उत्तम आहे, पण इथले उच्चार कानाला सवयीचे व्हायला महिना गेला. तक्रार एकच. एका ॲपवर भाग मध्येच थांबवून दुसऱ्या दिवशी लावला की तो पहिल्यापासून सुरू व्हायचा, आणि त्याच त्याच जाहिराती पुन्हा बघाव्या लागायच्या. कितव्या मिनिटाला थांबलो ते आई कागदावर लिहून ठेवायची.

सुरुवात केली 'किम्स कन्व्हीनियन्स'ने. टोरांटोतल्या एका कोरियन कुटुंबाचं कोपऱ्यावरचं दुकान, 2016 ते 2021, पाच सीझन, 65 भाग. पहिल्याच भागात मुलीने वडिलांना "अप्पा" म्हटलं आणि आई सरसावून बसली. तिच्या माहेरी वडिलांना अप्पाच म्हणायचे. "हे आपल्यासारखं अप्पा कसं म्हणतात गं?" कोरियन भाषेत वडील म्हणजे 'अप्पा' आणि आई म्हणजे 'ओम्मा'. त्या क्षणापासून ही मालिका आईची झाली.

अप्पांचं काम केलंय पॉल सन-ह्युंग ली यांनी. मुळात हे इन्स चोई यांचं नाटक. 2011 च्या टोरांटो फ्रिंज नाट्यमहोत्सवात ते झालं तेव्हाही अप्पा हेच होते. इतकी वर्षं एका माणसाच्या कातडीत राहिल्यावर जे येतं ते त्यांच्या प्रत्येक हालचालीत दिसतं: गल्ल्यामागे हात बांधून उभं राहणं, गिऱ्हाईक दार उघडताच त्याला जोखणं, जाताना "ओके, सी यू" म्हणणं. दुकानासमोर चुकीच्या जागी गाडी उभी दिसली आणि ती जपानी असली, की अप्पा पोलिसांना फोन करतात. मला तो नुसता विक्षिप्तपणा वाटला होता. बाबा इतिहासाचे मास्तर. त्यांनी भाग थांबवायला लावून सांगितलं की 1910 ते 1945 कोरिया जपानच्या ताब्यात होता. मग तोच प्रसंग वेगळा दिसला. माणूस देश सोडून आला, पण देशाचं दुखणं गल्ल्यापर्यंत सोबत आलं.

हसवता हसवता ही मालिका एका गोष्टीला सोडत नाही. अप्पा आणि मुलगा जंग एकमेकांशी बोलत नाहीत. जंग लहान वयात घर सोडून गेलेला, आणि ओम्मा त्याला चोरून भेटते, डबे पोचवते. आमच्या ओळखीत असं एक घर आहे, त्यामुळे ते बघताना खोलीत कुणी बोलत नसे. जंगचं काम करणारा सिमू लिऊ पुढे मार्व्हलच्या चित्रपटात नायक झाला. माझ्या मते त्याचं खरं काम इथे आहे, गाड्या भाड्याने देणाऱ्या दुकानाच्या काउंटरमागे. दुःख एवढंच की सहावा सीझन मंजूर असूनही पाचव्यावरच मालिका थांबली, आणि जिथे थांबली तो शेवट वाटत नाही. शेवटचा भाग संपला तेव्हा आई म्हणाली, "पुढचा लाव." पुढचा नव्हता.

जानेवारीत पारा उणे वीसवर गेला तेव्हा 'कॉर्नर गॅस' सुरू केली आणि आमच्या घरात सगळ्यांत जास्त टिकली ती हीच. सस्कॅचवान प्रांतातलं डॉग रिव्हर नावाचं काल्पनिक गाव, चहूकडे सपाट गव्हाची शेतं, आणि हमरस्त्यावर एक पेट्रोल पंप. पंप चालवतो ब्रेंट, शेजारी टोरांटोहून आलेली लेसी कॅफे चालवते. 2004 ते 2009, 107 भाग, आणि या 107 भागांत सांगण्यासारखं जवळजवळ काही घडत नाही! कुणाला तरी नवा कोट आवडतो, कुणाचं अवजार कुणाकडे राहून जातं, आणि त्यावर अख्खं गाव दिवसभर बोलतं. शेजारच्या वुलर्टन गावाचं नाव निघालं की सगळे एकदम थुंकतात, मग बोलणं जिथे तुटलं तिथून पुढे चालू.

ही मालिका लिहिणारा आणि ब्रेंटचं काम करणारा ब्रेंट बट हा सस्कॅचवानमधल्या टिस्डेलचा. गाव सोडून स्टँड-अप करायला गेलो नसतो तर आयुष्य कसं झालं असतं, हा विचार मालिकेच्या मुळाशी आहे. म्हणून त्यात गावाची टिंगल नाही. ब्रेंटचे वडील ऑस्कर दिवसभर जगावर चिडलेले असतात, आई एमा एका शब्दात त्यांना खाली बसवते. एरिक पीटरसन आणि जॅनेट राइट या दोघांचे प्रसंग आम्ही मागे नेऊन पुन्हा पाहिले. बाबा म्हणाले, "हा आपला पारच आहे, फक्त वडाच्या जागी पेट्रोल पंप." याच्यापेक्षा नेमकं मला सांगता येणार नाही. 2009 च्या एप्रिलमधला शेवटचा भाग सुमारे 30 लाख लोकांनी पाहिला. कॅनडाच्या लोकसंख्येच्या मानाने हा आकडा फार मोठा आहे, आणि तो का, हे आता मला कळतं.

'शिट्स क्रीक' सगळ्यांनी सुचवली होती. 2020 च्या एमी या अमेरिकन टीव्ही पुरस्कारांत विनोदी मालिकांचे सातही मुख्य पुरस्कार तिला मिळाले, असं आधी कुठल्याच मालिकेच्या बाबतीत झालं नव्हतं. तरी प्रामाणिकपणे सांगते, पहिल्या सीझनचे पाच-सहा भाग आम्हाला जड गेले. श्रीमंत रोझ कुटुंबाचं सगळं जातं, उरतं फक्त कधीकाळी गंमत म्हणून विकत घेतलेलं एक गाव, आणि तिथल्या मोटेलच्या दोन खोल्यांत चौघे राहायला येतात. सुरुवातीला ही माणसं सतत किरकिर करतात. आई उठून झोपायला गेली. पण थांबू नका. दुसऱ्या सीझनच्या अखेरीपासून ही माणसं तुमच्या नकळत जवळ येतात.

या घरची आई मोइरा, तिचं काम करणाऱ्या कॅथरीन ओहारांबद्दल लिहायलाच हवं. त्यांचे उच्चार कुठल्याच गावचे नाहीत, कुठलंही साधं वाक्य कुठे लांबेल आणि कुठे तुटेल सांगता येत नाही. भिंतीवर टांगलेले केसांचे टोप हेच तिचे सोबती. नुसती सोंगाडी वाटावी अशी ही बाई, आणि मुलांविषयीची भीती तिच्या चेहऱ्यावर एखाद्याच क्षणी उघडी पडते. रोझांचा मुलगा डेव्हिड आणि पॅट्रिक यांच्या प्रेमाची गोष्टही इथेच. मालिका लिहिणाऱ्या आणि डेव्हिड झालेल्या डॅन लेव्हींनी ठरवून असं गाव लिहिलं की जिथे या दोघांच्या नात्याला कुणी नाक मुरडत नाही. पॅट्रिक दुकानात गिटार घेऊन डेव्हिडसाठी गातो तो प्रसंग आई-बाबांसोबत बघताना मला जरा धाकधूक होती. आईने डोळे पुसले आणि म्हणाली, "मुलगा गुणी आहे." आमच्या घरात त्या विषयावर पहिल्यांदाच काही बोललं गेलं, आणि ते असं.

गावाचं चित्रीकरण गुडवुडमध्ये झालं, टोरांटोच्या ईशान्येला. मे महिन्यात आम्ही गेलो. एक चौक, चार इमारती, पाच मिनिटांत बघून संपतं. तिथल्या बेकरीतून गोड काहीतरी घ्या आणि लोकांच्या घरांसमोर गाड्या लावू नका.

ओहारा आणि जॉनी रोझ झालेले युजीन लेव्ही इतके एकजीव कसे, याचं उत्तर वाचनालयातल्या डीव्हीडीत सापडलं. 1976 ते 1984 चाललेल्या 'एससीटीव्ही'त हे दोघे तरुण होते, सोबत जॉन कँडी, अँड्रिया मार्टिन, रिक मोरॅनिस, डेव्ह थॉमस, पुढे मार्टिन शॉर्ट. एका खोट्या टीव्ही वाहिनीचे कार्यक्रम, अशी कल्पना. त्या काळातल्या अमेरिकन मंडळींच्या नकला आम्हाला अर्ध्या कळल्या नाहीत. एक गोष्ट मात्र पक्की लक्षात राहिली. सीबीसीवर जाहिराती कमी, म्हणून कॅनडातला भाग दोन मिनिटांनी मोठा असायचा, आणि ती दोन मिनिटं खास कॅनडियन असावीत अशी मागणी झाली. मोरॅनिस आणि थॉमस यांनी लोकरी टोप्या घातल्या, बिअरचे डबे घेतले, मागे कॅनडाचा नकाशा लावला आणि वाक्यागणिक "ए" म्हणत काहीबाही बोलत बसले. तेच बॉब आणि डग मॅकेन्झी, त्या कार्यक्रमातली सगळ्यांत गाजलेली जोडी. माझ्या ऑफिसातली पन्नाशीची माणसं आजही त्यांचा "टेक ऑफ" (म्हणजे 'चल, निघ') म्हणतात. इतकी वर्षं मी नुसती हसून मान डोलवत होते. आता मला कळतं ते कशाला हसतात.

बाबांची मालिका 'मर्डॉक मिस्टरीज'. 2008 पासून चालू, 300 च्या वर भाग. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचं टोरांटो, सायकलवर फिरणारा डिटेक्टिव्ह विल्यम मर्डॉक, बोटांच्या ठशांसारख्या तेव्हा नव्या असलेल्या गोष्टींनी गुन्हे उलगडणारा. कुणी खून केला हे आम्हाला बहुतेक वेळा आधीच कळायचं. बाबांना त्याचं काही नव्हतं. त्यांना घोडागाड्या, शवविच्छेदन करणारी डॉक्टर ओग्डेन आणि सतत काहीतरी सुचणारा कॉन्स्टेबल क्रॅबट्री हवा असे. नवव्या सीझनपर्यंत पोचलो.

क्रॅबट्री झालेला जॉनी हॅरिस न्यूफाउंडलंडचा. त्याचाच 'स्टिल स्टँडिंग' हा कार्यक्रम 2015 पासून चालू आहे, आणि तो मला कुणीच सुचवला नव्हता. खाण बंद पडलेली, गिरणी उठून गेलेली अशी लहान गावं तो निवडतो. तिथे जाऊन लोकांसोबत काम करतो, जेवतो, त्यांचं ऐकतो, आणि शेवटी गावाच्या सभागृहात त्याच लोकांसमोर त्यांच्यावरच विनोदी कार्यक्रम करतो. लोक हसता हसता रडतात. आपलं नाव घेऊन कुणी आपली चेष्टा करतंय, याचा अर्थ कुणीतरी आपल्याला नीट पाहिलं आहे, हे त्या चेहऱ्यांवर दिसतं. अर्ध्या तासाचा भाग. नकाशा उघडून बघा. आम्ही तसंच पाहिलं, आणि आईला आता या देशातली जी गावं तोंडपाठ आहेत ती माझ्या इथल्या मैत्रिणींनाही माहीत नाहीत.

सोडलेल्यांत दोन. 'हार्टलँड' 2007 पासून चालू आहे. अल्बर्टातले डोंगर आणि घोडे सुंदर, पण रोज एक घोडा आणि एक अडचण, आम्ही दुसऱ्या सीझनला थांबलो. 'लेटरकेनी' मी आणि नवऱ्याने रात्री उशिरा पाहिली. शब्दांचा वेग अफाट आहे, शिव्याही तितक्याच, घरातल्या मोठ्यांसोबत लावू नका.

शनिवारी मात्र मालिका बंद, कारण शेजारचे पंजाबी पाजी आम्हाला बर्फावरची हॉकी बघायला बोलवायचे. पंजाबी समालोचनासह, जे 2008 पासून होतं आहे. बाबांना पंजाबी समजत नाही, हॉकीचे नियमही नाहीत. तरी गोल झाला की सगळ्यांत आधी उठून उभे राहणारे तेच!

राहिलेलं मोठं काम क्वेबेकचं, म्हणजे फ्रेंच बोलणाऱ्या प्रांताचं. 'ला पेतित व्ही' नावाच्या फ्रेंच मालिकेचा 1995 मधला एक भाग 40 लाखांहून जास्त लोकांनी पाहिला होता, आणि त्या प्रांताची लोकसंख्या तेव्हा सुमारे 70 लाख. मी सप्टेंबरपासून संध्याकाळच्या फ्रेंच वर्गाला नाव घातलं आहे.