व्हॅक्यूमचं काम चोख, नायट्रोजन टेस्ट मात्र मागून घ्या

दांडिया बाजारातल्या या दुकानाची स्प्लिट एसी बसवण्याची सेवा. मशीन १.५ टन इन्व्हर्टर, गॅस आर-३२, पाइप ४ मीटर. ब्रॅकेट, ड्रेनचा उतार, भिंतीतलं भोक, सगळं व्यवस्थित. पण या दुकानाला बोलवावं ते व्हॅक्यूमसाठी, म्हणजे गॅस सोडण्याआधी पाइपमधली हवा आणि ओलावा पंपाने खेचून काढण्यासाठी.

बडोद्यात अजूनही बरेच कारीगर आउटडोअरचा बारीक व्हॉल्व्ह किंचित उघडतात, जाड पाइपचा नट ढिला करतात, ‘फुस्स’ करून हवा काढतात आणि मोकळे होतात. जुन्या आर-२२ गॅसच्या काळात हे खपून गेलं, कारण तेव्हाचं मिनरल ऑइल ओलावा फारसा धरत नसे. आर-३२ सोबतचं सिंथेटिक तेल पाणी झपाट्याने शोषतं, त्यातून आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या वाइंडिंगचं इन्सुलेशन खातं. गॅसच्या झोताने हवा बरीचशी जाते, तांब्याला आतून चिकटलेला ओलावा जात नाही. उरलेली हवा कंडेन्सरमध्ये कधीच द्रव होत नाही, नुसती जागा अडवते. प्रेशर चढतं, अँपिअर वाढतात, आणि ऐन मे महिन्यात कूलिंग पडतं. शिवाय हा गॅस सौम्य का होईना, ज्वलनशील आहे. घराच्या गॅलरीत सोडायची ही वस्तू नव्हे.

इथले कारीगर दोन्ही व्हॉल्व्ह बंद ठेवूनच पंप लावतात. आउटडोअरमधला गॅस जागेवर राहतो, खेचायचं असतं ते फक्त पाइप आणि इनडोअर कॉइलमधून. पंप टू-स्टेज, आणि सुरू करण्याआधी त्याच्या काचेतलं तेल पाहिलं: स्वच्छ, पारदर्शक. ते दुधासारखं दिसलं तर समजावं की तेलातच पाणी आहे. असा पंप तासभर चालवूनही खोल व्हॅक्यूम देणार नाही. पावसाळ्यात हे हमखास होतं.

खरा फरक मीटरचा. मॅनिफोल्डच्या (कारीगराच्या गेज सेटच्या) घड्याळाचा काटा उणे ३० वर गेला की काम झालं, असं बहुतेक जण मानतात. पण त्या काट्याला ५,००० आणि ५०० मायक्रॉनमधला फरक दिसतच नाही (मायक्रॉन हे व्हॅक्यूम मोजायचं एकक; आकडा जितका कमी, तितका व्हॅक्यूम खोल). इथे डिजिटल मीटर लावला, तोही पंपाच्या तोंडाशी नाही, तर आउटडोअरच्या सर्व्हिस पोर्टजवळ टी (तीन तोंडांचा जोड) घालून. पंपाशी लावला तर आकडा नेहमीच गोड दिसतो. २५ मिनिटांत आकडा ४२० मायक्रॉनवर आला. मग पंप वेगळा करून १० मिनिटं थांबले. ६१० पर्यंत चढला आणि तिथेच स्थिरावला. हे थांबणं सगळ्यात महत्त्वाचं. आकडा चढतच राहिला तर गळती आहे, बहुधा फ्लेअरमध्ये, म्हणजे पाइपचं तोंड फुलवून केलेल्या जोडात. हजार-दोन हजारांवर जाऊन अडकला तर आत ओलावा शिल्लक आहे, पंप पुन्हा लावावा.

त्यानंतर बारीक व्हॉल्व्ह ॲलन की ने पाव फेरा उघडून लगेच बंद केला, गळती पाहायला जोडांवर साबणाचं पाणी लावलं, आणि मग दोन्ही व्हॉल्व्ह पूर्ण उघडले. क्रम बरोबर.

एक स्टार कापला तो नायट्रोजनसाठी. व्हॅक्यूमआधी कोरड्या नायट्रोजनने प्रेशर टेस्ट करायला हवी, कारण व्हॅक्यूममध्ये जोडावरचा दाब जेमतेम एका वातावरणाचा असतो आणि मशीन चालताना त्याच्या कितीतरी पट. इथे ती मागितल्याशिवाय करत नाहीत आणि पैसे वेगळे घेतात. तरी मागाच. नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनचं सिलेंडर कोणी आणलं तर काम तिथेच थांबवा. तेलाशी गाठ पडून स्फोट होतो.

दुसरी बारीक तक्रार: कापलेल्या पाइपची तोंडं फ्लेअर होईपर्यंत उघडीच होती. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत त्यांना कॅप किंवा निदान टेप लावायला सांगा. बारीक पाइपचा पाव इंची नट आवळायला १४ ते १८ न्यूटन-मीटर पुरे, पण टॉर्क पाना (मोजून आवळायचा पाना) होता तरी तो फक्त जाड पाइपला वापरला.